मठाच्या भिंतीआडचा खून : १६८३ च्या गोव्यावर ऐतिहासिक रहस्यकथा कशी रचावी

ऐतिहासिक रहस्यकथा लिहू पाहणारे अनेक जण आधी खून ठरवतात, मग त्याला शोभेल असा काळ शोधतात आणि शेवटी त्या काळातली एखादी लढाई पार्श्वभूमीला लावून देतात. ख्रिस्ती ननांच्या मठात घडणारी कथा या पद्धतीने लिहिली, तर ती हमखास फसते. मठ हे नियमांनी बांधलेले घर असते. बाहेरच्या धामधुमीने त्यातला एखादा नियम मोडला, तरच त्या घरात खुनाला वाट मिळते आणि तो उघडकीला येण्याचीही वाट तिथूनच निघते. म्हणून प्रत्येक पुरावा एकतर मठाच्या नियमातून यावा, नाहीतर राजकीय संकटाने तो नियम मोडल्यामुळे यावा. खालचे सारे विवेचन या एका कसोटीवर उभे आहे. ते हवेत राहू नये यासाठी मी मराठी लेखकाच्या आवाक्यातली एक खरी जागा आणि एक खरी रात्र घेतो. खून आणि त्यातली माणसे मात्र काल्पनिक आहेत.

पहिली पायरी : जागा आणि रात्र

जागा जुन्या गोव्यातली आहे. तिथल्या मोंती सांतो टेकडीवर सांता मोनिका हा ऑगस्टिनियन पंथाच्या ननांचा मठ आहे. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि १६२७ मध्ये इमारत पूर्ण झाली. १६३६ च्या आगीत मोठे नुकसान झाल्यावर ती पुन्हा उभारण्यात आली. जांभ्या दगडाची ही तीन मजली वास्तू मधल्या चौकाभोवती आणि चौकाच्या ओवऱ्यांभोवती बांधलेली असल्यामुळे तिचे तोंड आतल्या बाजूला आहे. समोरच ऑगस्टिनियन पुरुषांचा मठ होता. त्याच्या चर्चचा उरलेला उंच मनोरा आजही दिसतो. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पुढे ही इमारत लष्कराकडे गेली आणि १९६४ पासून तिथे ननांच्या शिक्षणाची संस्था आहे. मठाच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. लिहिण्यापूर्वी ते जरूर पाहावे आणि बाहेर पडल्यावर भिंतीच्या कडेने एक फेरी मारावी. खिडक्या किती उंचावर आहेत आणि रस्त्यावरच्या माणसाला आतले किती थोडे दिसते, याचा अंदाज नकाशावरून येत नाही.

रात्र आहे २४ नोव्हेंबर १६८३ ची. त्या महिन्याच्या सुरुवातीला गोव्याचा पोर्तुगीज विजरई, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, फ्रान्सिस्को द ताव्होरा, म्हणजे काउंट ऑफ आल्व्होर, याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. येसाजी कंकांनी किल्ला लढवला, संभाजीराजे स्वतः चालून आले आणि विजरईला पराभूत होऊन परतावे लागले. २४ च्या रात्री ओहोटीचा फायदा घेऊन मराठ्यांची तुकडी सांतो इस्तेव्हांव, म्हणजे जुवे बेटावर उतरली. दुसऱ्या दिवशी बेट परत घेण्याच्या खटाटोपात विजरई स्वतः जखमी झाला. राजधानी इतकी हवालदिल झाली की त्याने बॉम जीझस चर्चमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकारदंड ठेवला आणि शहराचे रक्षण संताच्या हाती सोपवले. जानेवारी १६८४ च्या सुरुवातीस औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याची मोगल फौज कोकणात उतरली, संभाजीराजांना माघारी वळावे लागले आणि शहर वाचले.

दुसरी पायरी : दोन पंचांगे शेजारी मांडावीत

या पायरीसाठी आठवडाभर राखून ठेवावा, कारण कथेतले सर्वांत मोलाचे पुरावे मला इथेच सापडले. एका वहीत डाव्या बाजूला ख्रिस्ती दिनदर्शिका आणि उजव्या बाजूला आपले पंचांग लिहून काढावे. गोव्यातल्या पोर्तुगिजांनी ग्रेगोरियन कालगणना सोळाव्या शतकातच स्वीकारली होती, परंतु त्या काळातले इंग्रज अजून जुनीच गणना वापरत होते. इंग्रजी वखारींच्या पत्रांतली तारीख पोर्तुगीज तारखेच्या दहा दिवस मागे असते, ती आधी जुळवून घ्यावी. हे न केल्यामुळे चांगल्या लेखकांच्या कथांतही लढाईचा निरोप आधी पोहोचतो आणि मग लढाई होते.

२४ नोव्हेंबरला बुधवार होता. दुसरा दिवस २५ नोव्हेंबरचा, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनच्या सणाचा. १५१० मध्ये याच दिवशी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला होता, म्हणून ही संत शहराची रक्षक मानली जाई आणि मुख्य कॅथेड्रलही तिच्याच नावाचे आहे. मराठे जुव्यावर उतरले, ती रात्र शहराच्या विजयोत्सवाची पूर्वसंध्या होती. अशी जुळणी लेखकाला कल्पनेने रचावी लागत नाही, फक्त शोधावी लागते. लगेच येणाऱ्या रविवारी, २८ तारखेला, नाताळपूर्वीचा आगमनकाळ सुरू होतो आणि त्यापाठोपाठ ३ डिसेंबरला झेवियरचा सण येतो. कथा बुधवारी रात्री सुरू करून रविवारी सकाळी संपवावी, म्हणजे चार दिवसांची मुदत आयतीच मिळते.

आता उजवी बाजू. अमावास्या १९ नोव्हेंबरच्या सुमारास येते, म्हणून ही रात्र मार्गशीर्ष शुद्ध पंचमी-षष्ठीची, चंपाषष्ठीच्या आसपासची ठरते. षष्ठीचा चंद्र दहा-साडेदहाच्या सुमारास मावळतो. कोकणच्या या किनाऱ्यावर चंद्र मावळताना साधारण ओहोटी असते, आणि ऐतिहासिक वृत्तान्तातल्या ओहोटीशी हे गणित चांगले जुळते. त्या रात्री मध्यरात्री आकाशात चंद्र नव्हता, एवढे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

तिसरी पायरी : घराचे नियम

१५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ननांना कडक बंदिवास घालून दिला. १५७० मध्ये पोप पाचव्या पायसने मठाबाहेर पडण्याची मुभा तीनच कारणांपुरती ठेवली : मोठी आग, महारोग आणि साथीचा रोग. या यादीत युद्ध नाही, ही गोष्ट लेखकाने अधोरेखित करून ठेवावी. शत्रू नदीपलीकडे उभा असताना मठ सोडावा की नाही, हा नुसता धैर्याचा प्रश्न राहत नाही. तो आज्ञेचा प्रश्न होतो आणि त्यावरून मठात दोन तट पडू शकतात.

बाहेरच्या माणसाशी बोलायचे ते जाळीआडून आणि सोबत दुसरी नन असतानाच. वस्तूंची देवघेव भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी कपाटातून चाले. पोर्तुगीज त्याला ‘रोदा’ म्हणतात. बाहेरून वस्तू ठेवायची, कपाट फिरवायचे आणि आतून उचलायची, त्यामुळे देणाऱ्याला घेणारीचा चेहरा दिसत नाही. रहस्यकथेसाठी यापेक्षा चांगले यंत्र क्वचितच सापडेल. वैद्य किंवा गवंडी आत यायचा झाल्यास परवानगी लागे आणि त्याच्यावर नजर ठेवली जाई. आतही उतरंड असे. काळ्या शिरोवस्त्राच्या ननांना मतदानाचा हक्क होता, पांढऱ्या शिरोवस्त्राच्या घरकाम पाहत, आणि त्यांच्या खाली चाकरीच्या बायका व गुलाम. त्या काळच्या गोव्यात गुलामांची खरेदी-विक्री राजरोस चालत असे. कथेतून हे गाळणारा लेखक त्या स्त्रियांना दुसऱ्यांदा नाहीसे करतो, असे मला वाटते.

मठाचा पैसा तीन चाव्यांच्या पेटीत ठेवण्याची पद्धत पोर्तुगीज संस्थांत रूढ होती. तीन कुलपे, तीन चाव्या, त्या तीन वेगळ्या व्यक्तींकडे, आणि तिघीही हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. (आपला ‘चावी’ हा शब्द पोर्तुगिजांकडूनच आला आहे. ‘बिजागरी’ आणि ‘तुरुंग’ही तसेच.) त्यात प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, शेवटच्या सायंप्रार्थनेनंतर सकाळपर्यंतचे मौन आणि पापनिवेदनाची गुप्तता हे तीन नियम मिळवावेत. पापनिवेदन ऐकणाऱ्या पाद्र्याला खुनी कोण हे कळले तरी तो सांगू शकत नाही आणि कळले आहे असे सुचवूही शकत नाही. त्याला संशयित करण्याचा मोह टाळावा. सर्व जाणून गप्प बसलेला माणूस म्हणून तो अधिक परिणामकारक ठरतो.

चौथी पायरी : हेतू धामधुमीतून जन्मला पाहिजे

आता कथा उलट्या दिशेने रचावी. मी सुचवतो ती अशी : मरणारी व्यक्ती म्हणजे मठाचा हिशेब सांभाळणारी नन. तिला आपण खजिनदारीण म्हणू. मारणारी व्यक्ती म्हणजे मठाची उपप्रमुख. मठप्रमुख वृद्ध आणि आजारी आहे, त्यामुळे स्वतःच्या चावीबरोबर तिची चावीही उपप्रमुखच वापरते. खजिनदारीण नियमांत काटेकोर आहे, पण वरिष्ठांवर तिचा विश्वास आहे. ‘मठप्रमुखांची आज्ञा आहे’ असे सांगून उपप्रमुखाने तिच्याकडून पेटी उघडवून घेतली आणि आतली मोठी रक्कम आपल्या भावाला दिली. भावाने त्या रकमेत फोंड्याच्या स्वारीसाठी रसद पुरवण्याचा मक्ता घेतला. स्वारी यशस्वी होती, तर पैसे महिन्याभरात परत आले असते आणि कोणाला काही कळले नसते. स्वारी फसली आणि पैसे बुडाले.

इथपर्यंत तो केवळ अपहार आहे. त्याचा खून होण्यासाठी मुदत लागते, आणि ती मुदत धामधूम पुरवते. फोंड्याच्या पराभवाने घाबरलेली श्रीमंत घराणी दागिने ठेवायला फिरत्या कपाटापाशी गर्दी करतात. मठप्रमुख अंथरुणावरूनच आज्ञा देते की सणाच्या दुसऱ्या दिवशी पेटी सर्वांसमक्ष उघडावी, मोजदाद करावी आणि ऐवज तळघरात हलवावा. मोजदाद झाली की तूट दिसणार, आणि ‘आज्ञा होती’ असे खजिनदारीण सांगणार. ती आधीच मेली, तर मात्र तूट तिच्याच नावावर जाते. मृत व्यक्तीवर अपहाराचे खापर फुटावे, हाच खुनाचा खरा हेतू. या साखळीतून फोंडा काढून टाकला तर हेतूही उरत नाही आणि मुदतही उरत नाही. आपली कथा याच पद्धतीने तपासावी.

पाचवी पायरी : विष आणि त्याचा गैरसमज

खंजीर आणि गळफास इथे नकोत. गोव्यातच १५६३ मध्ये छापलेल्या पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या औषधीविषयक ग्रंथात धोतऱ्याची माहिती आहे आणि चोर लोक तो अन्नात घालतात असेही त्यात आले आहे. धोतरा मिळवण्यासाठी कोणाला व्यापाऱ्याकडे जावे लागत नाही, तो उकिरड्यावरही उगवतो. त्याची लक्षणे ठळक आहेत : तोंडाला कोरड, चेहऱ्यावर लाली, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, असंबद्ध बडबड आणि समोर नसलेल्या गोष्टी दिसणे. अन्नातून पोटात गेल्यावर अर्ध्या-एक तासात ती दिसू लागतात. मात्रा आणि कृती यांच्या तपशिलात लेखकाने शिरू नये. वाचकाला लक्षणे आणि वेळ पुरेशी असते.

या मठाच्या स्मृतीत चमत्कार आहे. ८ फेब्रुवारी १६३६ रोजी येथील क्रुसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि त्याच्या जखमांतून रक्त वाहिले, असे ननांनी सांगितले होते. तो क्रूस आजही पूज्य मानला जातो. अशा घरात लाल चेहऱ्याची, विस्फारलेल्या डोळ्यांची नन मध्यरात्रीनंतर ‘ते पाण्यातून येत आहेत’ असे ओरडू लागली, तर तिला दृष्टान्त झाला असेच सर्व जणी म्हणतील. मराठे खरोखरच पाण्यातून आलेले असतात, म्हणून ती भविष्यवाणी ठरते. तिच्याभोवती प्रार्थना सुरू होते, वैद्याला कोणी बोलावत नाही आणि पहाटे ती मरते. विषबाधेवर श्रद्धेचे पांघरूण पडते. मात्र लेखकाने त्या श्रद्धेची टिंगल करू नये. त्या स्त्रिया मूर्ख नाहीत. त्यांच्या जगात जे उत्तर सर्वांत जवळचे होते, तेच त्यांनी स्वीकारले.

सहावी पायरी : दोन घंटांचा पेच

कथेचा कणा इथे आहे. मठातला काळ घंटेने मोजला जातो, म्हणून प्रत्येक साक्ष ‘घंटेच्या आधी’ आणि ‘घंटेनंतर’ अशीच येणार. रोज रात्री शांततेत मध्यरात्रीच्या प्रार्थनेची एकच घंटा होते. त्या रात्री मात्र बेटावरची बातमी पोहोचताच धोक्याची घंटा वाजली, असे कादंबरीकाराने धरावे. ती ऐकून सगळ्या नना प्रार्थनेच्या दालनात जमल्या आणि पहाटेपर्यंत तिथेच राहिल्या. उपप्रमुखही त्यांच्यात होती आणि चाळीस साक्षीदार तिच्या बाजूने उभे आहेत.

स्वयंपाकघरातली एक दासी सांगते की सणासाठी केलेल्या नारळाच्या मिठाईचे ताट घेऊन काळ्या शिरोवस्त्राची एक नन खजिनदारिणीच्या खोलीकडे जाताना तिला दिसली आणि लगेच घंटा झाली. चौकशी करणारे ती घंटा मध्यरात्रीची धरतात. मध्यरात्री उपप्रमुख सर्वांसमोर प्रार्थना करत होती, म्हणून ती सुटते आणि संशय त्या दासीवरच येतो. अशा चौकशीत तो सर्वांत खालच्या पायरीवरच उतरणार.

हा पेच दोन धाग्यांनी सोडवावा आणि दोन्ही धागे कथेच्या पहिल्या चतुर्थांशातच वाचकासमोर ठेवून द्यावेत. पहिला धागा उपवासाचा. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून काही खायचे नाही, असा नियम होता. सणाच्या दिवशी प्रसाद घेणारी, नियमांत काटेकोर असलेली खजिनदारीण मध्यरात्रीच्या घंटेला मिठाई तोंडात घालणे शक्य नाही. मिठाई तिने बरीच आधी खाल्ली असली पाहिजे. दुसरा धागा चंद्राचा. ताट घेऊन जाणारी बाई दिसली त्या क्षणी चंद्र माडांच्या शेंड्यांना टेकला होता, असे दासी बोलून जाते. मध्यरात्री चंद्र नव्हताच. चंद्र माडांवर टेकलेला असताना झालेली घंटा धोक्याचीच असणार, आणि त्या घंटेआधी उपप्रमुख कुठे होती, हे मठात कोणालाच सांगता येत नाही. रहस्यकथेच्या वाचकाला फसवण्याचा हक्क लेखकाला आहे, पण वाचकापासून पुरावा लपवण्याचा नाही. म्हणून चंद्राचे वाक्य पहिल्यांदा येईल तेव्हा ते भीतीच्या वर्णनाचा भाग वाटेल असे लिहावे.

सातवी पायरी : तपास कोणी करावा आणि कोणत्या भाषेत

खून झाला की इन्क्विझिशनचे पाद्री मशाली घेऊन येतात, हे दृश्य लोकप्रिय असले तरी चुकीचे आहे. १५६० पासून गोव्यात असलेल्या त्या न्यायासनाचा विषय धर्मद्रोह हा होता, खून नव्हे. राजाच्या न्यायाधीशालाही मठाच्या आत मोकळी वाट नाही. तपास आर्चबिशपच्या अखत्यारीत जातो आणि त्या आठवड्यात शहर तटबंदीवर उभे असल्यामुळे कोणालाच सवड नाही. म्हणून तपास आतल्याच स्त्रीने करावा. मी मठातल्या आजारी ननांची शुश्रूषा करणारी नन निवडीन. विस्फारलेल्या बाहुल्या तिने पाहिल्या आहेत, औषधी वनस्पती तिला ठाऊक आहेत, आणि एका गोमंतकीय आयेच्या मांडीवर वाढल्यामुळे तिला दासींची बोली कळते.

शेवटचा गुण निर्णायक आहे. दासी कोकणीत बोलते, दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये सांगतो, लिहिणारा त्याचा सारांश करतो. या तीन पायऱ्यांत चंद्र गळून पडतो, कारण दुभाष्याला तो निरर्थक वाटतो. शुश्रूषा करणारी नन दासीला पुन्हा तिच्याच भाषेत बोलते करते, तेव्हा तो परत मिळतो. संवाद लिहिताना प्रत्येकीचा मराठी सूर वेगळा ठेवावा. ननांचे बोलणे संथ आणि औपचारिक, दासीचे बोलणे कोकणीच्या वळणाचे, पण वाचकाला अडखळायला लावणार नाही इतपत. त्या भूमीत ख्रिस्ती धर्मही मराठीत बोलत होता. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्येच छापले गेले होते. दासीच्या तोंडी त्यातल्या ओव्यांची सवय दाखवता येईल.

आठवी पायरी : मराठे

मराठी लेखकासाठी ही अवघड जागा आहे. आपल्या मनात संभाजीराजांविषयी आदर आहे आणि तो असावाच, पण ही कथा तटाच्या आतून सांगितली जात आहे. आतल्या स्त्रियांना बाहेरचे लष्कर दिसत नाही. त्यांना ऐकू येतात त्या तोफा, अफवा आणि घंटा. मराठ्यांना राक्षस करू नये आणि ननांच्या तोंडी आपली इतिहासाची जाण घालू नये. नदीपलीकडच्या गावात दासीचा भाऊ राहतो, एवढ्या एका वाक्याने ‘शत्रू’ हा शब्द डळमळतो आणि तेवढे पुरते. इतिहासात नोंदलेल्या व्यक्तींना खुनात गुंतवू नये. विजरईची शवपेटीपुढची प्रार्थना ननांपर्यंत बातमी म्हणूनच पोहोचावी.

किरकोळ तपशिलांची यादी करून ती एकदा तपासून घ्यावी. पणजी तेव्हा राजधानी नव्हती. बेबिंका ही गोव्याची मिठाई याच मठातल्या एका ननेने शोधली, ही आख्यायिका आहे, म्हणून तिचे नाव न घेता नारळाची मिठाई म्हणणे बरे. दिवे तेलाचे आणि मेणाचे असावेत.

नववी पायरी : शेवट

उपप्रमुखाला फाशी होत नाही. मठाचा न्याय मठातच होतो : पद जाते, मत जाते, कोठडी आणि मौन मिळते. रविवारी सकाळी आगमनकाळाची पहिली मिस्सा चालू असताना तिची जागा रिकामी दिसावी. नदीपलीकडे मराठे अजून आहेतच, त्यामुळे बाहेरच्या जगाला या निकालाशी काही देणेघेणे नाही. दासी निर्दोष ठरते, पण दासीच राहते.

त्यानंतर एक छोटे प्रकरण सात महिन्यांनी घडवावे. २७ जून १६८४ रोजी याच विजरईने फर्मान काढले की गोव्यातल्या लोकांनी आपली देशी बोली सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून घ्यावी. ते फर्मान मठात वाचून दाखवले जाते, असे दृश्य लिहावे. वाचून झाल्यावर शुश्रूषा करणारी नन स्वयंपाकघरात जाते, दासीच्या शेजारी नारळ खवायला बसते आणि तिला तिच्याच बोलीत विचारते की आज चंद्र केव्हा उगवेल.